चार कुलुपं आणि एक स्ट्रायकर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या नातवाला फुटबॉलचं वेड आहे. तो लातूरला शिकतो. सुट्टीत शिरूर अनंतपाळला आला की ओसरीवर बसून मोबाइलवर परदेशी क्लबांच्या बातम्या वाचत असतो. गेल्या उन्हाळ्यात एकदा त्यानं मान वर केली आणि मला विचारलं, "आजोबा, क्लब कोट्यवधी रुपये द्यायला तयार आहे, महिनाभर रोज बातम्या येतायत, आणि तो स्ट्रायकर काही येईना. एवढा पैसा असून माणूस मिळत नाही, हे कसं?"

मी बत्तीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. आमच्या शाळेत फुटबॉल म्हणजे फुगा बसला की मोच्याकडून शिवून आणायचा चेंडू. तरीही नातवाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला ठाऊक होतं. ते मी एसटी स्टँडवर दिवसभर उभा राहून शिकलो होतो. ती हकिगत आधी सांगतो, मग फुटबॉलकडे वळू.

इसार गेला, पाहुणा आला नाही

१९९९ मध्ये शिरूर अनंतपाळ स्वतंत्र तालुका झाला. गावात उत्साह होता. तालुक्याचं गाव म्हटल्यावर कबड्डीचा संघही तालुक्याला शोभेल असा पाहिजे, असं मंडळाच्या पोरांनी मनावर घेतलं. आमच्या भागात जत्रा म्हटली की आखाडा आला. आमच्याच तालुक्यातल्या उजेडला प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते. शेजारच्या निलंगा तालुक्यानं हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल दिला, ज्यांनी १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. बाहेरगावचा नामांकित पैलवान बोलवायचा, त्याला इनाम ठरवायचं आणि त्याच्या नावावर गर्दी जमवायची, ही रीत आमच्या हाडामासात आहे. मग कबड्डीलाही तीच रीत लावली, तर त्यात वावगं ते काय?

२००१ सालच्या जत्रेसाठी आम्ही वर्गणी गोळा केली. आडत दुकानदारांनी दिली, शिक्षकांनी दिली, कुणी तुरीच्या पट्टीतून शंभर-दोनशे काढून दिले. अठरा हजार जमले. बाहेरच्या जिल्ह्यातला एक नावाजलेला चढाईपटू पंधरा हजारांवर यायला कबूल झाला. पाच हजार इसार म्हणून मी स्वतः नेऊन दिले. पावती नाही, चिठ्ठी नाही. माणसाच्या शब्दावर दिले.

आमच्या संघात एक चढाईपटू होता. जवळच्या वाडीवरून तो रोज सायकलवर सरावाला यायचा. पाहुणा येणार म्हटल्यावर कुणाला तरी बाहेर बसणं भाग होतं. मी त्याला म्हणालो, "यंदा तू राखीवमध्ये बस." तो एवढंच म्हणाला, "बरं, सर."

सामन्याच्या दिवशी आम्ही तिघं सकाळी आठपासून स्टँडवर. लातूरची गाडी आली, निलंग्याची आली, उदगीरची आली. दर वेळी आम्ही दाराशी जायचो आणि परत यायचो. चार वाजता एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली. फोनवरच्या माणसानं सांगितलं, की तुमचा पाहुणा दुसऱ्या एका गावी उतरलाय, तिथं पंचवीस ठरलेत. मी लगेच एकाला मोटारसायकलवर वाडीला पिटाळलं. तो परत आला तो एकटाच. आमचा पोरगा तुरीच्या राशीवर होता. "आज काम आहे," एवढाच निरोप त्यानं पाठवला. आम्ही सामना वाईट हरलो.

पाच हजार गेले त्याचं दुःख महिना-दोन महिन्यांत ओसरलं. त्या पोराचं "बरं, सर" मात्र अजून कानात आहे.

किंमत म्हणजे नेमकं काय?

आता फुटबॉलकडे येऊ. अमुक क्लबनं तमुक खेळाडू इतक्या कोटींना विकत घेतला, असं आपण पेपरात वाचतो. त्यामुळे बाजारात बैलजोडी घ्यावी तसा हा व्यवहार असावा, असं वाटतं. प्रत्यक्षात खेळाडू विकला जात नाही. विकला जातो तो त्याच्या कराराचा उरलेला काळ.

समजा, एका स्ट्रायकरचा एका क्लबशी पाच वर्षांचा करार आहे आणि त्यातली दोन वर्षं झाली. उरलेली तीन वर्षं तो दुसऱ्या कुणाकडून खेळू शकत नाही. ती तीन वर्षं मोकळी करून देण्यासाठी जुना क्लब जी रक्कम मागतो, ती हस्तांतरणाची रक्कम. ही एका क्लबकडून दुसऱ्या क्लबला जाते. खेळाडूचा पगार वेगळा, सही करताना द्यायची रक्कम वेगळी, मध्यस्थाचं कमिशन वेगळं, आणि खेळाडूचं नाव नि चेहरा जाहिरातीत वापरायचा तर त्याचे पैसे पुन्हा वेगळे. पेपरात येतो तो बहुधा पहिलाच आकडा. ट्रॅक्टरची किंमत सांगितली, पण डिझेल, ड्रायव्हर आणि नांगराचा खर्च सांगितला नाही, अशातला हा प्रकार.

करार संपला की काय होतं? पूर्वी युरोपात करार संपल्यावरही जुना क्लब पैसे मागू शकत असे. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमन नावाच्या साध्या खेळाडूनं त्याविरुद्ध दाद मागितली आणि डिसेंबर १९९५ मध्ये युरोपच्या न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हापासून करार संपलेला खेळाडू तिथं मोकळा असतो. कराराचे शेवटचे सहा महिने उरले, की तो पुढच्या क्लबशी बोलणी करून आगाऊ सही करू शकतो. या एका निकालानं सगळ्या व्यवहाराचा तोल बदलला. करार जितका लांब, तितका क्लबचा हात वर. करार संपत आला, की खेळाडूचा हात वर.

एवढं ध्यानात घेतलं की नातवाच्या प्रश्नाकडे वळता येतं. पैसा असूनही स्ट्रायकर का मिळत नाही? मी त्याला म्हणालो, या दाराला चार कुलुपं असतात. चारही एकाच वेळी उघडली तरच दार उघडतं. पैसा ही त्यातल्या एकाची किल्ली आहे, आणि ती सुद्धा नेहमी लागतेच असं नाही.

पहिलं कुलूप: जुना क्लब

२०१३ च्या उन्हाळ्यात लंडनच्या आर्सेनल क्लबला लिव्हरपूलचा उरुग्वेचा स्ट्रायकर लुईस सुआरेझ हवा होता. सुआरेझच्या करारात चार कोटी पौंडांच्या वरच्या बोलीसंबंधी एक कलम असल्याचं त्यांना कळलं. म्हणून आर्सेनलनं बोली लावली ती नेमकी चार कोटी एक पौंड! आपण आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया घालतो ना, तसा तो वरचा एक पौंड. आहेरातल्या रुपयामागं शुभ-लाभाची भावना असते. हा पौंड निव्वळ कलमाची रेघ ओलांडण्यासाठी होता.

लिव्हरपूलनं नकार दिला. कलमानं आम्ही विकायला बांधलेले नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि ती सोडली नाही. खेळाडूची स्वतःची जायची इच्छा होती, समोरच्याकडे पैसा होता, कागदावर कलमही होतं, तरी दार उघडलं नाही. आकड्याबरोबर कलमाची शब्दरचना किती महत्त्वाची असते, याचा हा धडा. पावती न घेता इसार देणाऱ्या माझ्यासारख्याला तो चांगलाच समजतो.

पुढं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. सुआरेझ राहिला आणि त्या हंगामात त्यानं प्रीमियर लीगमध्ये ३१ गोल केले. लिव्हरपूल दुसऱ्या क्रमांकावर आला. २०१४ मध्ये त्यांनी त्याला बार्सिलोनाला दिलं ते आर्सेनलच्या बोलीपेक्षा कितीतरी अधिक रकमेला. तिकडे आर्सेनलनं सुआरेझचा नाद सोडून शेवटच्या दिवशी मेसुत ओझिल हा मधल्या फळीतला खेळाडू सुमारे सव्वाचार कोटी पौंडांना आणला. स्ट्रायकर मिळालाच नाही. तरी त्याच हंगामात, मे २०१४ मध्ये, त्यांनी एफए कप जिंकला आणि नऊ वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ संपवला. म्हणजे हवं ते न मिळूनही कुणाचं घर बसलं नाही.

दुसरं कुलूप: खेळाडूचं मन

जुलै २०२३ मध्ये सौदी अरेबियाच्या अल हिलाल क्लबनं फ्रान्सच्या किलियन एमबापेसाठी ३० कोटी युरोंची बोली लावली. एवढी मोठी रक्कम फुटबॉलच्या इतिहासात कुणीच देऊ केली नव्हती. पॅरिसच्या क्लबनं खेळाडूशी बोलायची परवानगी दिली. म्हणजे पहिलं कुलूप उघडलं होतं. पण एमबापे त्यांच्या माणसांना भेटायलाच तयार झाला नाही.

का? त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. ते संपलं की तो मोकळा होणार होता. २०२४ च्या उन्हाळ्यात तसंच झालं. तो रियल माद्रिदला गेला आणि पॅरिसच्या क्लबला हस्तांतरणाची रक्कम म्हणून काहीच मिळालं नाही. बोसमनच्या निकालाचा अर्थ इथं लख्ख दिसतो. कराराचा काळ सरत आला की वजन खेळाडूच्या पारड्यात जातं, आणि मग तीस कोटी युरोसुद्धा त्याला हलवू शकत नाहीत.

अल हिलालची गोष्ट इथं संपत नाही. एमबापे मिळाला नाही म्हणून त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ब्राझीलच्या नेमारला आणलं, सुमारे नऊ कोटी युरो मोजून. ऑक्टोबरमध्ये देशाकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. जानेवारी २०२५ मध्ये त्यानं क्लब सोडला तेव्हा त्याचे सामने झाले होते जेमतेम सात. आणि तरीही २०२३-२४ ची सौदी लीग अल हिलालनं एकही सामना न हरता जिंकली! गोल करायला सर्बियाचा अलेक्झांडर मित्रोविच होता, आणि त्याच्यामागं भक्कम संघ होता. जो आला नाही आणि जो येऊन खाटेवर पडला, त्या दोघांवाचून काही अडलं नाही.

तिसरं कुलूप: वेळ

खेळाडूंची देवाणघेवाण वर्षभर चालत नाही. जागतिक संघटना फिफाच्या नियमानुसार वर्षात दोनच मुदती असतात. एक दोन हंगामांच्या मधली मोठी, दुसरी हंगामाच्या मध्यावरची छोटी. मुदत संपली की बाजार बंद. आठवडी बाजार उठल्यावर पाल सोडणाऱ्या व्यापाऱ्याकडे घाईचं गिऱ्हाईक येतं, तशी शेवटच्या दिवशी क्लबांची धांदल उडते. घाई ज्याला, भाव त्याच्याविरुद्ध.

३१ जानेवारी २०१३ ची गोष्ट. पीटर ओडेमविंगी हा नायजेरियाचा स्ट्रायकर इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच क्लबकडे होता. लंडनचा क्वीन्स पार्क रेंजर्स त्याच्यासाठी प्रयत्न करत होता. मुदतीचा शेवटचा दिवस. व्यवहार ठरलाच असं समजून हा गडी गाडी घेऊन थेट लंडनला, नव्या क्लबच्या मैदानाबाहेर जाऊन थांबला. टीव्हीवाले जमले. पण दोन्ही क्लबांचं एकमत झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याला आत घेतलं नाही. मुदत संपली आणि तो आल्या वाटेनं परत गेला.

नातू ही हकिगत ऐकून खूप हसला. मला मात्र हसू आलं नाही. आम्ही स्टँडवर पाहुण्याची वाट पाहत होतो. इथं पाहुणाच दारात उभा होता आणि यजमान दार उघडत नव्हता. दोन्हीकडे चूक एकच: पक्कं होण्याआधी पक्कं धरून चालणं.

चौथं कुलूप: शरीर

चौथं कुलूप समजून घ्यायला लंडनला जायची गरज नाही. आपल्या पुण्यातच त्याचं उदाहरण आहे.

१२ ऑक्टोबर २०१४ ला इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ शहरांचे आठ संघ. लोकांनी मैदानावर यावं म्हणून प्रत्येक संघानं एक 'मार्की' खेळाडू घ्यायचा, म्हणजे ज्याचं नाव वाचून तिकीट काढावं असा. कारकिर्दीच्या उतारावर असलेले जगप्रसिद्ध खेळाडू त्या निमित्तानं भारतात आले. मुंबईकडे फ्रेडी ल्युंगबर्ग, आणि त्याच्या जोडीला फ्रान्सचा निकोलस अनेल्का. गोव्याकडे रॉबर्ट पिरेस. बालेवाडीच्या मैदानावर खेळणाऱ्या एफसी पुणे सिटीकडे दाविद त्रेझेगे. हा तोच त्रेझेगे, ज्यानं २००० च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत सुवर्णगोल करून फ्रान्सला जिंकून दिलं होतं. पुण्याकडून त्याचे गोल झाले दोन. पुणे सहाव्या क्रमांकावर राहिलं. दुसऱ्या वर्षी रुमानियाचा आद्रियान मुतू आला. पुणे सातवं.

तिसऱ्या वर्षी, २०१६ मध्ये, पुण्यानं आइसलँडच्या ऐदुर गुद्योनसेनचं नाव जाहीर केलं. फुटबॉल पाहणाऱ्यांना हे नाव नवं नव्हतं. चेल्सीकडून त्यानं लागोपाठ दोनदा इंग्लंडची लीग जिंकली होती आणि पुढं तो बार्सिलोनाच्या विजेत्या संघातही होता. त्याची एक गोष्ट तर फार गोड आहे. १९९६ मध्ये एस्टोनियाविरुद्ध तो देशाकडून पहिला सामना खेळला, तेव्हा तो बदली खेळाडू म्हणून उतरला होता आणि ज्याच्या जागी उतरला ते होते त्याचे वडील! बाप मैदानातून बाहेर आला आणि मुलगा आत गेला. अशा माणसाला पुण्यात खेळताना पाहायचं म्हणून अनेकांनी मनात बेत केले असतील. शिवाय त्याच वर्षीच्या युरो स्पर्धेत चिमुकल्या आइसलँडनं इंग्लंडला हरवलं होतं आणि गुद्योनसेन त्या संघात होता. नाव ताजं होतं.

पण तो ३७ वर्षांचाही होता. हंगाम सुरू होण्याआधीच दुखापत झाली आणि तो पुण्याकडून एकही सामना न खेळता बाहेर गेला. ऐन वेळी त्याच्या जागी मोहम्मद सिसोको आला. मालीचा सिसोको लिव्हरपूल आणि युव्हेंटसकडून खेळलेला चांगला खेळाडू. पण तो मधल्या फळीचा. गोल करणारा मागवला होता, आला गोल अडवायला मदत करणारा. घराला कौलारू हवे होते आणि आयत्या वेळी गवंडी मिळाला, तसं झालं. गवंडी उत्तम होता, पण छपराचं काम राहिलं ते राहिलंच. पुणे पुन्हा सहाव्या क्रमांकावर.

म्हणूनच सही करण्यापूर्वी क्लब खेळाडूची कसून वैद्यकीय तपासणी करतात. गुडघे, घोटे, हृदय, जुन्या दुखापती. तपासणीत काही निघालं की ठरलेला व्यवहारही मोडतो. आणि तपासणी चोख झाली तरी उद्याच्या सरावात काय होईल, हे कोण सांगणार? वय जितकं जास्त, तितकं हे कुलूप गंजलेलं.

मग मोठं नाव आणूच नये का?

असं मी म्हणणार नाही. त्याच २०१६ च्या हंगामात मुंबई सिटीनं उरुग्वेच्या दिएगो फोर्लानला आणलं होतं. २०१० च्या विश्वचषकातला तो सर्वोत्तम खेळाडू. मुंबईसाठी त्यानं पाच गोल केले, केरळविरुद्ध एकाच सामन्यात तीन. मुंबई साखळी फेरीत पहिल्या क्रमांकावर आली. मोठं नाव होतं आणि पायात जोरही होता.

पुण्याचं पुढं काय झालं ते पाहा. २०१७-१८ मध्ये लीगचा हंगाम लांबला, मार्की खेळाडूची सक्ती राहिली नाही. पुण्यानं मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो यांना घेतलं. ही नावं जगभर गाजलेली नव्हती. पण दोघंही याच लीगमध्ये आधी खेळलेले होते. मार्सेलिन्यो तर आदल्या हंगामात दिल्लीकडून सर्वाधिक गोल करणारा. इथलं ऊन, इथली मैदानं, इथला प्रवास त्यांच्या अंगवळणी पडलेला. त्या वर्षी पुणे पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेलं. एवढ्या एकाच कारणानं गेलं असं मी म्हणत नाही. प्रशिक्षक बदलला होता, बाकी संघही बदलला होता. पण चारही कुलुपं उघडतील असा खेळाडू शोधणं आणि नुसतं नाव शोधणं यातला फरक त्यात दिसतो. दुर्दैवानं तो क्लब टिकला नाही. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघानं घेतली.

हे सगळं ऐकल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, कबड्डीत असं होतं का?" होतं तर! प्रो कबड्डीच्या २०२२ च्या लिलावात तमिळ थलायवाजनं पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख मोजले. तोवर एवढी बोली कुणालाच लागली नव्हती. पहिल्याच सामन्यात पवन जखमी झाला आणि हंगामभर बाहेर बसला. त्याच्या जागी चढाया कुणी केल्या? नरेंदर नावाच्या नवख्या पोरानं. आणि तो संघ उपांत्य फेरीत पोचला! तिथं त्यांना हरवलं ते आपल्या पुणेरी पलटणनं.

पुढच्याच हंगामात पुणेरी पलटण विजेती ठरली. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत त्यांनी हरियाणाला २८-२५ असं हरवलं. या संघानं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये खर्चले होते आणि त्याच्या पकडींनी ते पैसे फेडले. पण कर्णधार होता अस्लम इनामदार, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. चढाई करणाऱ्या आकाश शिंदेसारख्या पोरांना संघानं आधीपासून सांभाळलं होतं. बाहेरचा माणूस आला तो घरच्यांच्या जोडीला. घरच्यांना उठवून त्याला बसवलं नव्हतं.

वाडीवरच्या पोराचा वाटा

या सगळ्या व्यवहारातला एक नियम मला विशेष आवडतो. तो फारसा कुणाला माहीत नसतो. खेळाडू करार चालू असताना पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, की त्या रकमेतले पाच टक्के बाजूला काढायचे, असा फिफाचा नियम आहे. ते पैसे कुणाला? तो खेळाडू १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकवलं, त्यांना. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का, सोळा ते तेवीसमधल्या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का. चार पाव आणि आठ अर्धे, हिशेब बरोबर पाच.

पाव टक्का म्हणजे काय, असं वाटेल. पण शंभर कोटींच्या व्यवहारात पाव टक्का म्हणजे पंचवीस लाख. एखाद्या गावच्या क्लबानं पोराला चौदाव्या वर्षी वर्षभर बूट दिले, मैदान दिलं, तर त्याच्या वाट्याला ही रक्कम येऊ शकते. मात्र तेवढ्या वर्षांची नोंद कागदावर असली पाहिजे. पुन्हा कागद! मोठ्या बाजारालासुद्धा शेवटी मान्य करावं लागलं, की तयार खेळाडूवर बोली लावणाऱ्याआधी त्याला घडवणारा कुणीतरी असतो.

आमच्या वाडीवरच्या पोराची अशी नोंद कुठंच नव्हती. तो पुढं पुण्याकडे कंपनीत कामाला लागला. बऱ्याच वर्षांनी लातूरच्या स्टँडवर अचानक भेटला. बरोबर बायको आणि शाळकरी मुलगा. पाया पडायला वाकला तसं मी त्याला धरलं आणि म्हणालो, "त्या वर्षी माझं चुकलं बाबा." त्याला आधी कळेचना. मग आठवलं, तसा हसला.

"सर, पाहुणा आणला त्याचा मला राग नव्हता," तो म्हणाला. "तो भारी खेळत होता, मला बी बघायचा होता. तुम्ही नुसतं म्हणले असते, की तो बी खेळंल आन् तू बी खेळशील, कुठं तरी बसवू तुला, तर मी त्याला घ्यायला स्टँडवर तुमच्यासंगं उभा राहिलो असतो. आन् तो नसता आला तर तिथूनच मैदानावर आलो असतो. मला आधीच बसवलं, मग मी कामून येऊ?"

त्याच्या या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी लागली, तो गेला.

मागच्या वर्षी मंडळाची पोरं पुन्हा माझ्याकडे आली होती. जत्रेच्या सामन्यांना बाहेरचा खेळाडू आणायचाय, सर, तुमचं मत काय? मी त्यांना चार गोष्टी विचारल्या. त्याचा संघ त्याला सोडतोय का? त्याची स्वतःची यायची तयारी आहे का? तारीख लेखी ठरली का? त्याचा गुडघा धड आहे का? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग पाचवी गोष्ट विचारली: त्याच्यासाठी कोण बाहेर बसणार आहे, आणि त्याला तुम्ही काय सांगितलंय?

ते विचार करून येतो म्हणाले. दोन दिवसांनी संघाची यादी घेऊन आले. पाहुण्याचं नाव त्यात होतं, पण यादीत ते सगळ्यात खाली, बाराव्या क्रमांकावर लिहिलेलं होतं. वरची अकरा नावं गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची. मी सही केली आणि वर्गणीचे पाचशे रुपये दिले. या वेळी पावती मागून घेतली.